हप्ते ५ तारखेला जातात, पगार २० तारखेपर्यंतही पुरत नाही: घराचा मेळ कसा घालावा?

मोगरा

नमस्कार मंडळी. आम्ही मोशीला राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई आणि नववीतला मुलगा. नवरा चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. मागच्या वर्षापर्यंत ओव्हरटाइम धरून हातात ५८ हजार यायचे. आता ओव्हरटाइम बंद झाला आणि ४६,५०० येतात. मी घरी शिकवण्या घेते, त्याचे ८ हजारांच्या आसपास होतात. म्हणजे एकूण ५४,५००.

दर महिन्याला जाणारे पैसे असे:

गृहकर्ज १७,४०० (२०१९ च्या सुरुवातीला २० लाख घेतले होते, वीस वर्षांसाठी). पर्सनल लोन ७,३०० (सासूबाईंच्या शस्त्रक्रियेच्या वेळी १६ टक्क्यांनी ३ लाख घेतले, अजून २६ हप्ते आहेत). क्रेडिट कार्डावर १,१२,००० थकलेत, त्याचे 'मिनिमम' म्हणून ५,६०० भरतो. मोबाइलचा हप्ता १,८५०, अजून पाच महिने.

किराणा ९,५००, दूध-भाजी ५,०००, शाळेची व्हॅन २,२००, वीज-गॅस २,६००, सोसायटी २,०००, पेट्रोल ३,०००, फोन-इंटरनेट १,५००, सासूबाईंची औषधं २,४००, बाहेरचं खाणं २,५००, भिशी २,०००.

बेरीज ६४,८५०. म्हणजे साधारण १० हजार कमी पडतात आणि ते कार्डावरून जातात. एका फायनान्स कंपनीचा रोज फोन येतो की सगळी कर्जं एकत्र करून ५ लाखांचं एकच कर्ज देतो. नवऱ्याला ते पटतंय, मला भीती वाटते. कुठून सुरुवात करू?

रानवारा

आधी बाहेरचं खाणं बंद करा. वीज २,६०० म्हणजे एसी आहे का? ओटीटी वगैरे असेल तर तेही काढून टाका. आमच्याकडे अशा बारीकसारीक गोष्टींतूनच पैसा गळत होता.

मोगरा

एसी नाही, २,६०० मध्ये गॅस सिलिंडर धरला आहे. बाहेरचं कमी करू, पण त्यातून हजार-दीड हजारांपेक्षा जास्त सुटेल असं वाटत नाही.

बापू_सातारा

मोगराताई, आकडे मांडलेत हे फार चांगलं केलंत. मी सहकारी बँकेच्या कर्जविभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. तुमच्या यादीत दोन गोष्टी मला दिसल्या, त्या सविस्तर लिहितो.

पहिली म्हणजे तुमची तूट १० हजारांची नाही. यादीत फक्त महिन्याचे खर्च आहेत. शाळेची फी कुठे आहे? विम्याचे हप्ते? गणपती-दिवाळी? गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग? महापालिकेचा मिळकत कर? लग्नकार्यातले आहेर आणि गावी जाण्या-येण्याचा खर्च? हे सगळं वर्षात येतंच, पण महिन्याच्या वहीत ते कुणी लिहीत नाही. मग जून उजाडला की फी कार्डावर, गणपती कार्डावर, दिवाळी कार्डावर. कर्जाचे कागद घेऊन समोर बसलेली माणसं मी आयुष्यभर पाहिली. त्यातल्या बहुतेकांची घरं उधळपट्टीने अडचणीत आली नव्हती. ठरलेले, दरवर्षी येणारे खर्च त्यांना दरवर्षी नवे वाटत होते. आधी त्यांची यादी करा आणि बाराने भागा.

दुसरी गोष्ट कार्डाची. बहुतेक कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं आणि त्या व्याजावर १८% जीएसटी. १,१२,००० वर ३,९२० व्याज आणि ७०५ कर, मिळून ४,६२५. तुम्ही भरता ५,६००. म्हणजे मुद्दल कमी होते फक्त ९७५ रुपयांनी! त्यात पूर्ण बिल न भरल्यामुळे बिनव्याजी दिवसांची सवलत गेलेली असते. त्यामुळे आज कार्डावर घेतलेल्या किराण्यालाही आजपासूनच व्याज लागतं. वर दहा हजारांची नवी खरेदी दरमहा चढतेच आहे. यादीतली सगळ्यात महाग वस्तू ही आहे, एसी किंवा हॉटेल नव्हे.

ते ५ लाखांचं एकत्रित कर्ज आत्ता घेऊ नका. तूट बुजवल्याशिवाय कर्ज एकत्र केलं तर कार्ड रिकामं होतं आणि वर्षभरात पुन्हा भरतं. मग जुनं कार्डही असतं आणि नवं कर्जही.

मोगरा

बापूकाका, रात्री आम्ही दोघं बसलो. शाळेची फी ४२,०००, नवऱ्याच्या पॉलिसीचा हप्ता ३१,००० (बचतीची पॉलिसी आहे, सात वर्षं झाली), गणपती-दिवाळी २५,०००, लग्नकार्य आणि गावी जाणं १२,०००, गाडीचा विमा-सर्व्हिसिंग ६,०००, मिळकत कर ४,०००. बेरीज बरोबर १,२०,००० आली. म्हणजे महिन्याला दहा हजार. तूट २० हजारांच्या वर गेली. नवरा बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, ते ५ लाखांचं कर्ज नको.

शिल्पा_नाशिक

मोगरा, दोघांनी एकत्र बसून बेरीज केलीत, बरं वाटलं वाचून. आमच्याकडे माहेरी वडील एकटेच सगळं ओढायचे आणि आईला कळलं तेव्हा पतसंस्थेची नोटीस दारात होती. मुलगा नववीत आहे ना? त्यालाही मोजक्या शब्दांत सांगा. मुलांना घरातलं कळतं. सांगितलं नाही तर ती भलतंच काहीतरी धरून बसतात.

आता सोनं. घरात काही आहे का? असेल तर सोनं तारण ठेवून कार्ड आजच्या आज बंद करा.

मोगरा

माझं मंगळसूत्र आणि कानातलं सोडून काही नाही. सासूबाईंच्या चार तोळ्यांच्या पाटल्या आहेत. त्यांनी हे बोलणं ऐकलं आणि स्वतःहून काढून टेबलावर ठेवल्या. नवरा ऐकायला तयार नाही. आईच्या पाटल्या मोडणार नाही म्हणतो.

बापू_सातारा

मोडायच्या की तारण ठेवायच्या हा पुढचा प्रश्न. आधी तारणाचं गणित बघा. बँकेचं सोनेतारण कर्ज साडेनऊ टक्क्यांनी धरलं तर १,१२,००० वर महिन्याचं व्याज नऊशेच्या आत येतं. आज तुम्ही ४,६२५ देताय.

भिशी उचलली आहे का? नसेल तर मंडळातल्या बायकांना सांगून पुढचा नंबर मागा. ते पैसे थेट कार्डात भरा आणि उरलेल्यासाठीच सोनं ठेवा. तारण ठेवताना हप्तेवारीचं कर्ज मागा. वर्षाच्या शेवटी मुद्दल आणि व्याज एकदम भरायचं, असा प्रकार सर्रास देतात. त्यात महिन्याला काही भरावं लागत नाही म्हणून बरं वाटतं. वर्ष संपतं तेव्हा पैसे नसतात, मग नूतनीकरण, आणि शेवटी लिलावाची नोटीस. दागिन्यांचं वजन, शुद्धता आणि खड्यांची वजावट लिहिलेली पावती बघितल्याशिवाय सही करू नका.

आणि कार्ड? बिल शून्य झालं की बँकेला लेखी कळवून ते बंदच करा.

मोगरा

भिशी बारा जणींची आहे, २४,००० मिळतील. माझा नंबर अजून लागायचाय. चार हप्ते राहिलेत. विचारते.

पाऊलवाट

पॉलिसीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ३१ हजारांचा हप्ता ही या घराला न झेपणारी बचत आहे. ४२ टक्क्यांचं कार्ड डोक्यावर असताना पाच-सहा टक्के देणाऱ्या पॉलिसीत पैसे घालणं म्हणजे स्वतःच स्वतःकडून महाग उसने घेण्यासारखं आहे. सात वर्षं भरली आहेत, तर पॉलिसी 'पेड-अप' करता येते. पुढचे हप्ते बंद होतात, विमा रक्कम त्या प्रमाणात कमी होते आणि मुदत संपल्यावर ती मिळते. सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच मोडली, तर लगेच पैसे हातात येतात, पण घट बसते. दोन्हीचे आकडे शाखेतून लेखी मागा.

मात्र त्याआधी नवऱ्याचा टर्म विमा (बचत नसलेला, फक्त मृत्यू झाल्यास घरच्यांना रक्कम देणारा) काढा आणि तो सुरू झाल्यावरच जुन्याला हात लावा. गृहकर्ज डोक्यावर आहे, एकट्याच्या पगारावर घर आहे. पन्नास लाखांचा टर्म विमा तंबाखू न खाणाऱ्या, चाळिशीच्या आतल्या माणसाला वर्षाला दहा हजारांच्या आसपास पडतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. कंपनीने दिलेल्या विम्यावर भिस्त ठेवू नका, नोकरीबरोबर तो जातो.

कृष्णाकाठ

गृहकर्जाकडेही बघा. २०१९ च्या सुरुवातीचं कर्ज म्हणजे रेपो दराशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) जोडलेलं नसण्याची शक्यता जास्त. बँकांनी व्यक्तींना द्यायची नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या मानदंडाशी जोडणं ऑक्टोबर २०१९ पासून सक्तीचं झालं. जुनी कर्जं जुन्याच पद्धतीवर राहिली, ग्राहकाने मागितलं तरच बदलली. रेपो २०२० मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ झाला, मग डिसेंबर २०२५ पर्यंत उतरत ५.२५ वर आला. दर वाढला तेव्हा तुमचा हप्ता तोच राहिला असेल, म्हणजे वाढली ती मुदत. उतरल्यावर फायदा मिळाला का, ते बघायला हवं.

बँकेत जाऊन तीन गोष्टी लेखी मागा: आजचा व्याजदर, राहिलेलं मुद्दल, राहिलेले हप्ते. मग त्याच बँकेत नव्या ग्राहकाला काय दर आहे ते विचारा. थोडं शुल्क भरून बदल करून मिळतो. सतरा-साडेसतरा लाखांवर एक टक्का म्हणजे वर्षाला सतरा हजार. बँक दर उतरला की सहसा मुदत कमी करते. तुम्हाला आत्ता हप्ता कमी हवाय, तसं अर्जात स्पष्ट लिहा. हातात पैसा आल्यावर जादा भरणा करता येईल. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड बँक लावू शकत नाही.

रानवारा

नवऱ्याच्या कंपनीत कामगारांची पतसंस्था असेल ना? तिथून ११ टक्क्यांनी कर्ज घेऊन १६ टक्क्यांचं पर्सनल लोन फेडलं तर?

बापू_सातारा

सुचवणं योग्य आहे, पण आकडे मांडून बघू. २६ हप्ते राहिलेत म्हणजे आजचं मुद्दल साधारण १,६०,०००, आणि पुढे जाणारं व्याज तीस हजार. तेवढेच पैसे ११ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता ५,२४० च्या जवळ, महिन्याला दोन हजार सुटतील. पण तीन वर्षांचं व्याज साडेअठ्ठावीस हजार होतं आणि पर्सनल लोन मुदतीआधी बंद करण्याचं शुल्क वेगळं. एकूण पैसे जास्तच जातील. शिवाय पतसंस्थेत दोन जामीनदार लागतात. एक हप्ता चुकला तर वसुलीचा दाखला घेऊन संस्था सहकाऱ्याच्या पगारापर्यंत पोहोचू शकते. जामीनदाराने सही केली म्हणून तीस वर्षांची मैत्री तुटलेली मी पाहिली आहे. दुसरा मार्ग असेपर्यंत ते नको.

मोगरा

तुम्ही सगळ्यांनी सांगितलं ते धरून परत मांडलं. भिशीचे २४ हजार भरून उरलेले ८८ हजार सोनेतारणावर तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता २,८००. म्हणजे कार्डाच्या ५,६०० मधले २,८०० सुटले. पॉलिसी पेड-अप करून टर्म विमा काढला तर महिन्याला १,७५०. मोबाइल पाच महिन्यांत संपला की १,८५०. भिशी चार महिन्यांत संपली की २,०००. बाहेरचं खाणं १,५००. गृहकर्जाचा दर एक टक्का कमी झाला तर १,४००. एकूण ११,३००.

तूट २०,३५० होती. अजून ९ हजार उरतातच. कितीही वेळा केलं तरी तेवढेच उरतात.

शिल्पा_नाशिक

म्हणूनच म्हणते, नुसतं तारण ठेवून भागणार नाही. एक पाटली मोडा.

तारण म्हणजे शेवटी कर्जच. तुमच्या ५४,५०० मधले ३२,१५० हप्त्यांना जातात, शंभरातले एकोणसाठ. हे प्रमाण खाली आल्याशिवाय किराण्यातून कितीही काटकसर केली तरी पुरणार नाही. आजच्या सोन्याच्या भावात दोन तोळ्यांची एक पाटली मोडली तर पर्सनल लोन शुल्कासकट फिटून काही उरेल. ते कार्डात घाला. ७,३०० चा हप्ता संपला की तुमची तूट नऊ हजारांवरून पावणेदोन हजारांवर येते. दुसरी पाटली तारण ठेवा, तीन वर्षांत ती सुटून हातात परत येईल. सासूबाई स्वतः देत आहेत. त्यांच्याच शस्त्रक्रियेचं कर्ज आहे. त्यांना त्याचा सल असेल, तो तुम्ही ओळखा.

बापू_सातारा

मी तारणाच्या बाजूचा होतो, पण ही बेरीज बघून शिल्पाताईंचं पटलं. पाटली सासूबाईंची आहे, तर विक्रीची पावती त्यांच्याच नावाने करा आणि पैसे त्यांच्या बँक खात्यात घ्या. जुन्या सोन्याच्या नफ्यावर १२.५% दीर्घकालीन भांडवली कर आहे. त्यांना दुसरं उत्पन्न नसेल तर नफा मूळ करमुक्त मर्यादेत बसू शकतो. तरी विकण्याआधी एखाद्या करसल्लागाराला विचारा. दोन-तीन सराफांकडे वजन आणि घट विचारून मगच मोडा, भावात फरक नसला तरी घटीत असतो.

पाऊलवाट

उरलेले पावणेदोन हजार शिकवण्यांतून निघतील. मोशी-चिखलीकडे नव्या सोसायट्यांमध्ये मुलं भरपूर आहेत. जूनला फी वाढवा आणि एक बॅच वाढवा. मे महिना रिकामा जातो, तोही वर्षाच्या हिशेबात धरा. आणि 'घरबसल्या कमवा' म्हणून आधी पैसे भरायला लावणाऱ्या योजना येतात, त्यांच्या नादी लागू नका. अडचणीतल्या घराचा वास त्यांना लांबून येतो.

कृष्णाकाठ

एक सावधानता. या मधल्या काळात एखादा हप्ता चुकला तर घाबरून कर्जाचं ॲप उघडू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाची रक्कम थेट तुमच्या खात्यात यायला हवी आणि ॲपने फोनमधले संपर्क, फोटो मागता कामा नयेत. मागत असेल तर लगेच काढून टाका. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, शिवीगाळ किंवा नातेवाइकांना फोन करणंही चालत नाही. तसं झालं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. खासगी सावकाराकडे तर जाऊच नका. परवाना नसलेला सावकार त्रास देत असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

मोगरा

ठरलं. नवरा काल रात्री सासूबाईंजवळ बसला होता. त्या म्हणाल्या, "अरे, अडीअडचणीलाच तर केल्या होत्या." एक पाटली मोडायची, एक ठेवायची. भिशीतल्या मैत्रिणींनी पुढच्या महिन्याचा नंबर दिला. बँकेचं पत्रही आलं: गृहकर्ज जुन्याच पद्धतीवर आहे आणि नव्या ग्राहकापेक्षा आमचा दर सव्वा टक्का जास्त आहे. अर्ज दिला.

आता वर्षाच्या खर्चांचं विचारायचंय. पुढच्या जूनला फी परत कार्डावर जाऊ नये म्हणून काय करता तुम्ही?

शिल्पा_नाशिक

माझी आजी उन्हाळ्यात वर्षाचे गहू, तिखट, पापड भरून ठेवायची. तशीच पैशांची बेगमी. मी वेगळ्या बँकेत एक खातं ठेवलंय, त्याचं एटीएम कार्ड घेतलेलंच नाही. पगार आला की दुसऱ्या दिवशी वर्षखर्चाचा बारावा हिस्सा तिकडे जातो. कॅलेंडरवर जिथे दुधाचे आकडे लिहितो, तिथेच प्रत्येक महिन्याच्या पानावर त्या महिन्यात येणारा वर्षाचा खर्च लाल पेनाने लिहून ठेवते. पहिल्या वर्षी पूर्ण हिस्सा जमणार नाही. तुम्ही फक्त शाळेच्या फीपासून सुरुवात करा, ३,५०० महिन्याला. गणपती-दिवाळी यंदा निम्म्यात करा. मूर्ती लहान आणली, फराळ घरी केला, तर कुणाला काही वाटत नाही.

बापू_सातारा

आणि पर्सनल लोन बंद कराल तेव्हा पैसे भरल्याची पावती घेऊन घरी येऊ नका. बंद करण्याचा अर्ज, खातं शून्य झाल्याचं विवरण आणि 'येणं बाकी नाही' असा दाखला, तिन्ही घ्या. खात्यातून आपोआप हप्ता कापण्याची सूचनाही बँकेत रद्द करून घ्या, नाहीतर पुढच्या ५ तारखेला परत ७,३०० कापले जातात आणि ते परत मिळवायला महिना जातो. कार्ड बंद करताना 'तडजोड' असा शेरा मारू देऊ नका, पूर्ण भरणा असाच हवा. दीड-दोन महिन्यांनी सिबिलचा (कर्जफेडीची नोंद ठेवणारी संस्था) वर्षातून एकदा मिळणारा फुकट अहवाल काढून दोन्ही खाती 'बंद' दिसतात का ते तपासा. दिसली नाहीत तर इथेच लिहा, अर्जाचा मसुदा देतो.